क्रुसावरच्या अकरा चकत्या

उर्सुलाला एक खोड होती. तिला प्रश्न पडायचे. तसे ते सगळ्यांनाच पडतात, पण बाकीची माणसं प्रश्न गिळतात आणि कामाला लागतात. उर्सुला मात्र वेसाव्याहून मासळीची पाटी घेऊन अंधेरीच्या बाजारात बसली, की गिऱ्हाइकालाच विचारायची, "तुमच्या गावाला नदी हाय कं? मंग तिच्यातले मासे उन्हाळ्यात कुठं जातात?" गिऱ्हाईक बिचारं पापलेटाचा भाव करायला आलेलं असायचं. शेजारी बसणारी रुक्मिणी वैतागून म्हणायची, "अगं बाई, मासे वीक. भूगोल नको विकू."

तिच्या उजव्या कानात सोन्याची बाळी होती आणि डावा कान बोडका होता. बाजारात पडली, असं ती सांगायची. रुक्मिणीने त्या बाळीसाठी दोन दिवस सगळ्या पाट्या उलट्यापालट्या केल्या होत्या, गटारातसुद्धा काठी घालून पाहिलं होतं. उर्सुलाही तिच्याबरोबर वाकून शोधत होती. बाळी तिथे नाही हे पक्कं ठाऊक असताना शोधत होती, आणि त्याची लाज तिला अजून वाटत असे.

बाळी समुद्रात होती. एका घोळमाशाच्या पाठीवरच्या पंखात, म्हणजे परात.

याचं मूळ वेसाव्याच्या ख्रिस्ती पाखाडीतल्या, म्हणजे ख्रिस्ती कोळ्यांच्या वस्तीतल्या, एका जुन्या गोष्टीत आहे. म्हाताऱ्या रोझारिओची पणजी म्हणे मोठी जिद्दीची बाई. नवरा वादळात अडकला तेव्हा तिने गळ्यातली चांदीची साखळी एका जिवंत घोळीला अडकवली आणि घोळ पाण्यात सोडली. आठव्या दिवशी नवरा परत आला, वर उशीर झाला म्हणून तिच्यावरच खेकसला. तेव्हापासून गावात म्हणतात, अंगावर काही ल्यालेला मासा सापडला तर तो नवसाचा. तो विकायचा नाही. त्याच्या तुकड्या विधवांच्या घरी वाटायच्या आणि त्याच्या अंगावरची वस्तू किनाऱ्यावरच्या क्रुसाला टांगायची, म्हणजे ज्याचा नवस त्याला पोचतो. आणि नवस करणाऱ्याने तोंडातून शब्द काढायचा नाही. बोललेला नवस फुटतो.

तीन पिढ्या ही नुसती गोष्टच होती. असा मासा कुणी पाहिला नव्हता. पण त्रेपन्न सालच्या नोव्हेंबरात, मृतांच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, धाकू तांडेलाच्या जाळ्यात एक घोळ आली आणि तिच्या परात बारीक तारेने बांधलेली रुपेरी चकती निघाली. चकतीवर एक इंग्रजी अक्षर आणि आकडा. धाकू हिंदू कोळी, पण गावचा नवस तो गावचा नवस. चकती घेऊन तो सरळ रोझारिओच्या दारात उभा राहिला. रोझारिओ त्या क्रुसाची देखभाल करायचा, रंग द्यायचा, मेणबत्त्यांवरून पोरांना ओरडायचा. चकती हातात घेऊन त्याने क्रुसाची खूण केली. म्हणाला, "कोनाचा तरी जीव अडकलाय रे यात." आकड्याचं काय, असं उर्सुलाने विचारलंच. रोझारिओ म्हणाला, "सोनारानं घातला असंल. तुला नसत्या चौकशा."

ती घोळ विधवांत वाटली गेली. उर्सुलाचा नवरा ऑगस्टीन चार वर्षांपूर्वी तापाने गेला होता, त्यामुळे तिच्या वाट्याला शेपटाकडची तुकडी आली. ती रांधताना तिने त्या अनोळखी बाईसाठी एक प्रार्थना म्हटली. बाईच असणार, हे तिने आपलं ठरवून टाकलं होतं. पुरुष कशाला चांदी समुद्रात टाकतोय!

आणि तिथूनच ती कल्पना तिच्या डोक्यात शिरली.

तिचा एकुलता मुलगा इसिडोर एकोणिसाव्या वर्षी भांडून घरातून गेला होता. भांडण कशावरून, तर होडी विकायची की ठेवायची यावरून. ती विकू म्हणत होती, तो ठेवू म्हणत होता. गोदीतून एका बोटीवर खलाशी म्हणून चढला, कराचीहून एक कार्ड पाठवलं, त्यात 'बरा आहे' एवढंच, आणि मग काहीच नाही. चौपन्न साली झावळ्यांच्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, खाडीच्या तोंडाशी जाळं झाडताना उर्सुलाला एक जिवंत घोळ दिसली. पोरच होती. उर्सुलाने आपला हात तिच्याशेजारी धरून पाहिला. कोपरापासून मधल्या बोटापर्यंत, आणि वर चार बोटं. मग डाव्या कानातली बाळी काढून तिने घोळीच्या परात अडकवली, कमरेइतक्या पाण्यात गेली आणि तिला सोडून दिलं. ज्या पाण्यात तो असेल तिथे जा, असं ती मनात म्हणाली. मोठ्याने नाही.

तेव्हापासून ती वाट बघत होती. दर वर्षी तीनचार चकत्यांच्या घोळी येत होत्या, क्रुसावर चकत्या वाढत होत्या, वाऱ्यावर किणकिणत होत्या. छपन्न सालच्या नाताळापर्यंत अकरा झाल्या. उर्सुलाने अकरा तुकड्या खाल्ल्या होत्या आणि अकरा अनोळखी बायकांसाठी प्रार्थना म्हणत होती. आपल्यासाठी कुणी म्हणत असेल का, हा प्रश्न तिने कुणाला विचारला नाही. विचारला असता तर नवस फुटला असता.

नाताळाच्या आठवड्यात मच्छी खात्याचा एक साहेब गावात आला. मधुकर त्याचं नाव, राहणार मुलुंडचा. वय पंचवीस-सव्वीस, शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि पायात शहाण्या माणसाने वाळूत घालू नयेत असे बूट. तो दारोदार विचारत होता, कुणाला सरकारी खुणेचा मासा सापडलाय का? माहुलला विचारून आला होता, मढला विचारून आला होता. वेसावकरांनी खरं तेच सांगितलं. सरकारी खुणेचा मासा त्यांना कधी सापडला नव्हता. सरकारने माशाला दागिना घालावा, हे कुणाच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं.

दुपारी तो दमून क्रुसाच्या चौथऱ्यावर बसला, क्रुसाकडे पाठ करून, आणि डबा उघडून पोळीभाजी खाऊ लागला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. अकरा चकत्या त्याच्या डोक्यावर किणकिणत होत्या.

उर्सुला बोंबील वाळत घालत होती. साहेब एकटाच बसून काय खातोय, हे पाहिल्याशिवाय तिला राहवेना.

"काय शोधतंस रे बाबा?"

"मासा, मावशी."

"मंग समुद्राकडं तोंड करून बस ना."

तो हसला. हसला म्हणून तिने पुढचा प्रश्न विचारला, मग त्याच्या पुढचा. मधुकरलाही कुणीतरी विचारणारं हवंच होतं. डबा बाजूला ठेवून त्याने पिशवीतून नकाशा काढला आणि वाळूवर पसरला. उर्सुलाने समुद्राचा नकाशा कधी पाहिला नव्हता. तिला आधी कळेनाच. मग मधुकरने कराचीवर बोट ठेवलं, तिथून द्वारका, मग मुंबई, मग खाली खाली कोलंबो, आणि तिला एकाएकी दिसलं की हा सगळा एकच किनारा आहे, एकाच पाण्याला लागलेला.

"हे येवढंच?" ती म्हणाली. तिला वाटलं होतं कराची म्हणजे पाण्यापलीकडचं काहीतरी.

"एवढंच. आता बघा, घोळ कमी होतेय की नाही?"

"निम्मी झाली. द्वारकेकडं मोठ्या लाँची आल्यापासून."

"तेच सगळे म्हणतात. कराचीवाले म्हणतात तुमच्या लाँची आमची घोळ मारतात. आपल्याकडचे लाँचवाले म्हणतात घोळ आमचीच, तिकडची वेगळी, मुंबईची तिसरीच. म्हणून आसपासच्या पाच देशांनी मिळून ठरवलंय, आधी मासा कुणाचा ते मासाच सांगू दे. मग कुठल्या महिन्यात त्याला हात लावायचा नाही ते सगळ्यांनी एकदम ठरवायचं. आपण विणीची मादी सोडायची आणि शेजाऱ्याने ती धरायची, याला काय अर्थ आहे?"

"अगदी बरोबर," उर्सुला म्हणाली. "खाडीच्या तोंडाला जाळं लावायचं नाय, असं मढवाल्यांनी आणि आमी ठरवलंय. पन आधी कोनी काढायचं, यावरून आमचे म्हातारे तीन वरसं भांडत होते."

"मग कुणी काढलं?"

"दोगांनी येकाच दिवशी. मधी होडीत पाद्री बसला होता." तिने नकाशाकडे पाहिलं. "तुमचे पाच देश हायेत. पाद्रीला लय मोठी होडी लागंल."

मधुकर पोट धरून हसला. मग त्याने नकाशावरचे लाल ठिपके दाखवले. गेली तीन-चार वर्षं कराचीची एक सरकारी लाँच घोळी पकडून, त्यांना खूण बांधून सोडत होती. जिथे खुणेची घोळ सापडेल तिथे ठिपका. काठेवाडपर्यंत ठिपके होते. मुंबईसमोर कोरा कागद. फेब्रुवारीत कोलंबोला पाचही देशांची बैठक होती आणि मुंबईची घोळ वेगळी, असंच तिथे ठरायच्या बेतात होतं.

"खूण कसली बांधतात?" उर्सुलाने विचारलं. तिच्या आवाजात काहीतरी बदललं होतं.

"चकती असते, रुपेरी. तारेने परात बांधतात. वर के अक्षर आणि आकडा."

उर्सुलाने मान वर केली. तिची नजर गेली तिकडे मधुकरनेही मान वळवली. नकाशा वाळूत तसाच सोडून तो चौथऱ्यावर चढू लागला.

पाच मिनिटांत रोझारिओ काठी टेकत आला, दहा मिनिटांत निम्मं गाव. साहेब क्रुसाला हात लावणार, अशी आवई उठली होती. रोझारिओ चौथऱ्यावर आडवा उभा राहिला. "नवसाची चीज सरकारची होत नाय. आधी मना उचला."

"आजोबा, नवस नाही हो हा. एका लाँचीवर दोन माणसं बसतात आणि पक्कडीने तारा पिळतात. त्यांचं कामच आहे ते."

उर्सुला चकत्यांकडे पाहत राहिली. अकरा बायका होत्या तिच्या मनात. एकीचा नवरा परत आला होता, एकीचं पोर बरं झालं होतं, एक तर फार म्हातारी होती. तीन वर्षं ती त्यांच्याशी बोलत होती. आता एकही उरली नाही. तिला रडू आलं आणि रागही आला, आणि राग कुणावर काढावा हेच कळेना.

शेवटी तोड धाकूने काढली. चकत्या काढायच्या कशाला? साहेबाने स्टुलावर चढावं आणि आकडे लिहून घ्यावेत. रोझारिओने बराच विचार करून मान डोलावली. मधुकर बूट काढून स्टुलावर चढला आणि अकरा आकडे वहीत उतरवले. पण खाली उतरला तेव्हा त्याचा चेहरा पडलेला होता.

"तारखा नाहीत," तो म्हणाला. "कधी सापडली, केवढी होती, हे नसेल तर नुसत्या आकड्यांना बैठकीत कोण विचारतो?"

पुरुष आठवू लागले. पावसाआधी, पावसानंतर, गेल्या साली, यापलीकडे कुणाची गाडी जाईना. ज्यांनी घोळी धरल्या त्यांना काही आठवत नव्हतं. ज्यांनी खाल्ल्या त्यांना आठवत होतं.

"पयली मृतांच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, त्रेपन्न साली," उर्सुला म्हणाली. "धाकूच्या कमरेपरत होती. दुसरी तीन राजांच्या सणाला. तिची तुकडी मना मिळाली ती तळहातायेवढी, म्हंजे लहान होती. तिसरी राखेच्या बुधवारी आली. उपास होता म्हनून मी ती मीठ लावून ठेवली."

मधुकर लिहू लागला. दुसऱ्या विधवाही पुढे आल्या. मार्सेलिना म्हणाली, चौथी राखेच्या बुधवारची, तिसरी नव्हे. त्यावर दोघींची जुंपली आणि खारवलेली तुकडी कुणाच्या घरात होती यावरून निकाल लागला. तासाभरात अकराच्या अकरा घोळींना दिवस, जागा आणि माप मिळालं. साहेबाने सणांच्या तारखा करून घेतल्या. हातातलं पेन त्याने दोनदा बदललं.

लोक पांगले तरी उर्सुला तिथेच उभी होती.

तिच्या मनात भलताच गुंता झाला होता. या चकत्या नवसाच्या नव्हत्या, मग पलीकडच्या किनाऱ्यावर तिची बाळी सापडली असेल तर तिचं काय झालं असेल? तिकडे हे सगळं पक्कड आणि वही घेऊन चालतं. कुणा सोनाराने वितळवली असेल. की घोळ अजून फिरतेय? विचारणारा माणूस समोर उभा होता, नकाशा गुंडाळत होता, उद्या कराचीला पत्र धाडणार होता. एक वाक्य बोललं की झालं. आणि त्या एका वाक्याने नवस फुटणार होता. मग इसिडोर कुठे असेल तिथे त्याचं काय होईल? पण न विचारता जन्म काढायचा, तेही तिला जमणार नव्हतं. स्वभावाला औषध नसतं.

"त्यांना विचार," ती शेवटी म्हणाली. "कनच्या घोळीवर सोन्याची बाळी मिळाली कं."

रोझारिओने तिच्या बोडक्या कानाकडे पाहिलं. त्याला सगळं एका क्षणात समजलं. "उर्सुला," तो पुटपुटला, "बोललीस गं."

"निम्मंच बोलले. कोनासाठी ते नाय बोलले." मग मधुकरकडे वळून ती भराभर सांगत गेली, झावळ्यांच्या रविवारचा दुसरा दिवस, खाडीचं तोंड, कोपरापासून बोटापर्यंत आणि वर चार बोटं. "बाळीला तीन मनी. मधला चेपलेला हाय. दात लागून."

कुणाचे दात, हे मधुकरने विचारलं नाही. त्याने वहीत लिहून घेतलं आणि तिचा हात कोपरापासून पट्टीने मोजला.

तो आठवडा उर्सुलाने कसा काढला तिचं तिलाच माहीत. दुसऱ्या दिवशी बाजारात तिने रुक्मिणीला सगळं खरं सांगून टाकलं. रुक्मिणीने तिला दोन शिव्या घातल्या, "गटारात हात घातले गं मी!" म्हणाली, आणि मग संध्याकाळपर्यंत तिच्याही पाटीतले मासे विकून दिले. आठवड्यांचे महिने झाले. बाजारात उर्सुला गिऱ्हाइकांना काही विचारेनाशी झाली. ते रुक्मिणीला जास्त लागलं.

ईस्टर झाल्यावरच्या शनिवारी मधुकर परत आला. या वेळी पायात चपला होत्या. त्याने आधी कोलंबोची बातमी सांगितली. वेसाव्याच्या विधवांच्या तारखा बैठकीत मोठ्याने वाचल्या गेल्या, सणांच्या नावांसकट. मुंबईची घोळ वेगळी नाही, हे सगळ्यांनी मान्य केलं. विणीचे दोन महिने मोकळे सोडायचे का, यावर पुढच्या वर्षी पुन्हा बसायचं ठरलं. "आधी कुणी, यावर भांडण सुरू झालंय," तो म्हणाला, "म्हणजे निम्मं काम झालं."

उर्सुलाने ऐकून घेतलं. तिला दुसरीच गोष्ट ऐकायची होती.

मधुकरने खिशातून एक लिफाफा काढला आणि त्यातून पातळ कागद. कागदावर पेन्सिलीने वस्तूभोवती रेघ फिरवून काढलेली आकृती होती. एक वर्तुळ, खाली तीन मणी. मधला चेपलेला.

उर्सुलाने कानातली दुसरी बाळी काढली आणि कागदावर ठेवली. वर्तुळावर वर्तुळ बरोबर बसलं. फक्त मधला मणी या बाळीचा गोल होता. दुसऱ्या बाळीचा मणी आठ महिन्यांच्या इसिडोरने मांडीवर बसून चावला होता. त्याला तेव्हा खालचे दोनच दात होते.

"कराचीपलीकडच्या एका मच्छीमार गावात सापडली," मधुकर सांगू लागला. "गेल्या साली फेब्रुवारीत. घोळ तोवर दुपटीहून मोठी झाली होती. इकडून तिकडे गेलेली ही एकच घोळ आहे, मावशी. सगळ्या नकाशात एकच. बाळी पाठवा म्हणून तिथल्या साहेबाने फार सांगितलं, पण गाव ऐकेना. त्यांनी ती तिथल्या पिराच्या दर्ग्यात टांगलीय. म्हणतात, कुणाचा तरी जीव यात अडकलाय, नवसाची चीज सरकारची होत नाही."

रोझारिओने काठी टेकून क्रुसाकडे पाहिलं. "शानी मानसं हायेत," एवढंच तो म्हणाला.

"मासा विकला त्यांनी?" उर्सुलाने विचारलं. चार महिन्यांनी तिचा हा पहिला प्रश्न होता.

"नाही. गावात वाटला. आणि दर्ग्याची देखभाल करणारा मुजावर दर शुक्रवारी त्या नवसवाल्यासाठी दुवा मागतो. वर्ष झालं. पण त्याची एक अडचण आहे. ती त्याने साहेबाला मुद्दाम पत्रात लिहायला लावलीय." मधुकरने कागद उलटा केला आणि सावकाश वाचलं. "'दुवा कुणासाठी मागायची ते कळत नाही. नाव कळवाल तर नावाने मागू.'"

वाऱ्याने चकत्या किणकिणल्या. रोझारिओ खाली वाळूकडे बघत राहिला. बोलू नकोस, असं काही तो म्हणाला नाही.

उर्सुलाने बाळी परत कानात घातली. त्या कागदाची नीट घडी केली आणि पोलक्यात ठेवली.

"पेन काढ," ती मधुकरला म्हणाली. "लिव. इसिडोर. वय बावीस. आई वाट बघते म्हनून लिव. होडी विकली नाय, ते पन लिव."